मंठ्याच्या स्टँडवरचा धुळाजी

मंठ्यात वेबसाइट बघतं कोण, असं भावनाला पहिल्याच दिवशी विचारणारा माणूस खालच्या कृषी सेवा केंद्राचा मालक होता, आणि विचारताना त्याचं तोंड मोबाइलात होतं. भावना त्याला काही बोलली नाही. बोलली असती तर नोकरीचा जिना चढायच्या आधीच भांडण झालं असतं, आणि आपली जीभ कशी आहे हे तिला चांगलं माहीत होतं.

जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल असा. खताच्या गोण्यांचा आणि फवारणीच्या औषधाचा वास पार वरपर्यंत यायचा. वर दोन कॉम्प्युटर, एक म्हातारा इन्व्हर्टर, भिंतीवर बाबासाहेब, आणि खिडकीतून समोर मंठ्याचा बसस्टँड. दारावर पाटी: सम्यक वेब स्टुडिओ. मालक नागसेन, भावनाचा चुलतभाऊ. नागसेन कॉलेजची पायरी चढलेला नव्हता. जालन्यात एका इंटरनेट कॅफेत तो पोरांना तासावर मशीन द्यायचा आणि गिऱ्हाईक नसलं की दुसऱ्यांच्या वेबसाइटी आतून उघडून बघायचा, घड्याळ उघडून बघावं तशा. तेवढ्यावर शिकला. "मला कुणी शिकवलं न्हाई," तो छाती काढून सांगायचा, "म्हणून माझ्याकडून कुणी काढून बी घेऊ शकत न्हाई."

भावना मात्र रीतसर शिकलेली. बीसीए केलं, पुण्यात एका कंपनीत काही महिने काढले. काम तिला येत होतं. पण खोली बघायला गेलं की घरमालकीण आधी हसून बोलायची, मग आडनाव विचारायची, मग म्हणायची, "अगं, कालच दिली गं खोली." तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा भावना त्या बाईला जे बोलली ते इथं छापण्यासारखं नाही. त्यानंतर ती गावी परत आली. बाप राजानंद मंठा ते परतूर काळीपिवळी जीप चालवायचा, त्याच्याच जीपनं ती रोज फाट्यावरून मंठ्याला यायची. कामाला जाणारी पोरगी बापाशेजारी पुढच्या सीटवर बसायची आणि मागं कोंबलेले लोक तिला विचारायचे, "काय गं, कॉम्प्युटरची मास्तरीण झाली म्हणं तू?"

स्टुडिओत नागसेनचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला रिकामं खोकं दाखवायचं नाही.

वेबसाइटचा पहिला नमुना बनवताना आधी नुसती खोकी आखायची असतात. इथं फोटो येईल, इथं मजकूर येईल. पुण्याच्या कंपनीत त्या खोक्यांत लॅटिन का कसला, अर्थ नसलेला मजकूर भरून ठेवायचे. भावनानं इथंही तसंच करून पाहिलं. मंगल कार्यालयाचा मालक स्क्रीनकडं बघून म्हणाला, "हे कोन्या देवाचे मंत्र लिव्हले?" साडीच्या दुकानवाल्याला नुसती करडी खोकी दाखवली तर तो म्हणाला, "आपल्या दुकानाची शटरं बंद काऊन दाखवली? दिवाळं निघालं का माझं?" आणि उठून गेला.

मग भावनानं खोकी मराठीनं भरायला सुरुवात केली. स्वतःच्या मोबाइलातले गावातल्या लोकांचे फोटो टाकायची आणि त्यांच्या तोंडी मनाला येईल ते वाक्य. बोअरवेलवाल्याच्या नमुन्यात तिची मावशी हापशावर उभी होती आणि खाली लिहिलं होतं, "पाणी लागलं तेव्हा मी आणि शेजारीण तीन वर्षांनी एकमेकींशी बोललो." बोअरवेलवाला हसून हसून खोकलायला लागला. काम तिथल्या तिथं पक्कं झालं. भावनाला ह्या कामाची चटक लागली. कोडिंग करताना ती मान मोडायची, पण ही वाक्यं लिहिताना एकटीच हसत बसायची.

त्यात धोका नव्हता. कारण नमुना नमुन्यापुरताच राहायचा. मंठ्यातला कोणता मालक स्वतःच्या वेबसाइटवर परक्याचा चेहरा ठेवील? पहिला फोटो मालकाचा, दुसरा त्याच्या वडिलांचा, तिसरा पुढाऱ्याच्या गळ्यात हार घालतानाचा. भावनाची माणसं दोन दिवस साइटवर पाहुणी म्हणून राहायची आणि निमूट मोबाइलात परत यायची. ह्या हिशेबात एकच गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. एक धंदा असा आहे, जिथं स्वतःचा फोटो द्यायला कोणीच पुढं येत नाही.

अण्णासाहेब जालना रोडला व्यसनमुक्ती केंद्र चालवायचे. पांढरे कपडे, हळू बोलणं, समोरच्याला आधी पाणी द्यायची पद्धत. ते स्वतःच्या साइटसाठी जिना चढून स्टुडिओत आले तेव्हा नागसेननं खुर्ची शर्टाच्या बाहीनं पुसली. भावनानं नमुना उघडला. त्यात "बरे झालेल्यांचे अनुभव" असं एक पान होतं आणि त्या पानावर धुळाजी होता.

धुळाजी तिच्या गावचा. धनगर वस्तीवरचा, पन्नाशीचा, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, मिशा अशा की फोटोला दुसरं काही लागूच नये. गावातल्या लोकांची शेरडं तो राखोळीनं, राखायचे पैसे घेऊन, सांभाळायचा. म्हणजे सकाळी विहिरीजवळ उभा राहून हाळी द्यायचा, घराघरातली बाई आपलं शेरडू घेऊन यायची, त्याच्या गळ्यातलं दावं सोडून धुळाजीच्या हातात द्यायची. तो ते दावं क्षणभर मुठीत धरायचा आणि परत द्यायचा. म्हणजे जिम्मा माझा. तोंडानं कोणी काही बोलायचं नाही. घरातल्या बाईनंच द्यायचं, पोरासोरानं दिलेलं दावं तो घ्यायचा नाही. भावनाच्या घरचंही एक शेरडू त्याच्याकडं असायचं. मागच्या साली बाभळीखाली बसलेला त्याचा फोटो तिनं काढला तेव्हा तो म्हणाला होता, "मोठा करून दे ना गं पोरी. घरात लावतो." देते म्हणाली आणि विसरली.

त्या फोटोखाली तिनं लिहिलं होतं, "माझी वीस वर्षांची दारू सुटली. आता मी आणि माझी शेरडं, दोघंही वेळेवर घरी येतो."

अण्णासाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं, परत एकदा वाचलं. "ताई, काय लिहिलंय! काळजाला भिडतं."

"सर, हा नमुना आहे," भावना म्हणाली. "तुमच्या बऱ्या झालेल्या लोकांचे फोटो द्या, म्हणजे बदलते."

"देतो, देतो."

ते फोटो आले नाहीत. येणार कुठून? दारू सोडलेला माणूस आधी तो गाव सोडतो जिथं लोकांनी त्याला पिताना पाहिलं. तो काय फोटो देणार! इकडं केंद्राच्या कार्यक्रमाला मोठे पाहुणे यायचे होते, साइट त्याच दिवशी चालू करायची होती, आणि नागसेन मागं उभा राहून म्हणत होता, "टाक गं, जल्दी टाक. फोटो मागून बदलू." भावनानं टाकली. मग क्लासेसच्या दोन साइटी आल्या, मग जीप संघटनेची. धुळाजी तिच्या डोक्यातून गेला.

एका सकाळी ती बापाच्या जीपमधून मंठ्याच्या स्टँडवर उतरली आणि समोर धुळाजी उभा होता. एसटीच्या दारापेक्षा उंच. चहाच्या हॉटेलशेजारच्या लोखंडी सांगाड्यावर नवाकोरा फ्लेक्स, लाल पटका असा की परतूरच्या गाडीतूनही दिसावा, आणि खाली पिवळ्या अक्षरात तिचं वाक्य. कोपऱ्यात हात जोडलेले अण्णासाहेब, लहानसे.

राजानंद जीपच्या खिडकीतून बघत राहिला. "हा आपला धुळाजी न्हाई का?" तो म्हणाला. "हा पीत होता? आन् आपल्याला कळलं बी न्हाई!"

"बाबा, तो पीत नाही."

"मंग लिव्हलं कुणी?"

मागून कुणीतरी हॉर्न दिला आणि जीप पुढं गेली. भावना वर गेली आणि पर्स खांद्यालाच असताना तिनं साइटवरचं ते पान काढून टाकलं. खिडकीतून मात्र फ्लेक्सवरचं ते वाक्य तिला दिवसभर दिसत होतं. ते तिला पुसता येत नव्हतं.

आठवडाभरात जे व्हायचं ते झालं. धुळाजीच्या हाळीला कमी बाया येऊ लागल्या. कुणाच्या शेरडाला ताप, कुणाचं गाभण, कुणाचा पोरगा म्हणे आता घरीच सांभाळणार. तोंडावर कोणी बोललं नाही. गाव असंच वागतं. शिवी द्यायला मर्दानगी लागते, शेरडू घरी बांधायला काही लागत नाही. स्टँडवरच्या फ्लेक्सचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरत होता, त्याखाली हसण्याची चित्रं. कुणीतरी मागच्या सालचं उकरून काढलं. मागच्या साली धुळाजीच्या कळपातलं एक शेरडू लांडग्यानं नेलं होतं. "लांडगा कशाचा! हा पेऊन पडला असंल झाडाखाली."

मग एके दिवशी दुपारी स्टुडिओच्या जिन्यावर काठी वाजली. आधी आसराबाई आली, धुळाजीची बायको, आणि तिच्यामागं तो. त्यानं वहाणा खालीच काढल्या होत्या.

"कुठंय ती लिव्हणारी?" आसराबाई दारातच कडाडली. "माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. माझा नवरा पेतो हे मला ठाव न्हाई, आन् मंठ्याच्या स्टँडाला ठाव हाय!"

नागसेन उठला. "मावशी, बसा. च्या मागवतो."

"च्या नको तुझा. उद्या त्याचा बी फोटो लागायचा, आसराबाईचा च्या सुटला म्हणून."

खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक जिन्यात येऊन ऐकायला लागलं. भावना जागेवरून उठली. धुळाजी पुढं झाला. भिंतीवरचा फोटो पाहून त्यानं हात जोडले, मग तिच्याकडं पाहिलं.

"पोरी," तो म्हणाला, "मी कवा पेलो गं?"

"कधीच नाही, आबा."

"माझा बाप दारूनं गेला. तवापासून मी शिवलो न्हाई. बिरोबाची आन घेतली. तुला ठाव हाय ना?"

"ठाव हाय."

"मंग?"

नमुना होता आबा, खोकं भरायचं होतं, हे तिनं सांगितलं, आणि सांगतानाच तिला ते किती हलकट वाटतंय ते कळलं. खोकं भरायला ह्याचा चेहरा! हीच भावना पुण्याच्या घरमालकिणीला तोंडावर म्हणाली होती, की माणसाला न विचारता त्याच्यावर शिक्का मारता तुम्ही.

"मी साइटवर मोठ्या अक्षरात लिहिते," ती म्हणाली. "की धुळाजी कधीही दारू पीत नव्हते, फोटो चुकून लागला."

धुळाजीनं मान हलवली. "नको. आता न्हाई पेत म्हणून लिव्हलं तर लोक म्हणतील, न पेणाऱ्याला सांगायची गरज काऊन पडली? तू आजून लिवू नको गं. तू लिव्हलं की लोकाला खरं वाटतं."

दोघं गेले. वहाणांचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू आला. भावनानं तिथंच अण्णासाहेबांना फोन लावला. नागसेन "थांब, मी बोलतो" म्हणेपर्यंत तिनं स्पीकर दाबला होता.

"अहो ताई," अण्णासाहेबांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, "सुटली असंच लिहिलंय ना? पितो असं कुठं लिहिलंय? चांगलंच तर म्हटलंय माणसाला."

"सर, तो माणूस कधी प्यायलाच नाही."

"मग त्याचं काय जातंय? आणि ऐका. त्या फ्लेक्सपायी चार बायका आपापल्या नवऱ्याला घेऊन केंद्रात आल्या. एक तर तुमच्याच बाजूच्या गावची. फ्लेक्स बघून म्हणाली, ह्या मेंढक्याची सुटली तर माझ्याची सुटंल. ती परत जाऊ द्यायची का मी? एका माणसाची थोडी थट्टा झाली, त्यापेक्षा तिचा संसार लहान आहे का?"

भावनाला हे लागलं, कारण ते खोटं नव्हतं. मागच्याच आठवड्यात पदरानं तोंड झाकलेली एक बाई जिना चढून आली होती, केंद्राचा पत्ता विचारायला. भावनानं स्वतः तिला तो कागदावर लिहून दिला होता. ती बाई तिच्या डोळ्यासमोर उभी राहिली आणि तिनं बटण दाबलं. फोन बंद झाला.

"झालं समाधान?" नागसेन म्हणाला. "साइटवरचं तू काढलं. फ्लेक्स त्यांचा. छापला त्यांनी, लावला त्यांनी."

"लिहिला मी."

"तू नमुना लिव्हला!"

"दादा, धुळाजीआबाला काय फरक पडतो नमुन्याचा?"

"आन् मला पडतो त्याचं काय?" नागसेनचा आवाज चढला. "ही पाटी लावली तवा आपल्या लोकाचं दुकान म्हणून एक माणूस जिना चढत न्हवता. खाली उभे राहून फोन करायचे, की तूच खाली ये. तू पुण्याला व्हतीस तवा अण्णासाहेब पहिले चढून आले, माझ्या हातचं पाणी पेले, मंग बाकीचे चढले. त्या माणसाला तोडायला सांगून राह्यली तू मला!"

"तोडायला नाही सांगत. तेवढा चेहरा तिथून काढा म्हणतेय."

"न्हाई काढत ते. ऐकलं ना? विषय संपला."

संध्याकाळी ती बापाच्या जीपमधून फाट्यावर उतरली. अजून उजेड होता. घराशी आली आणि अंगणात थबकली. त्यांचं शेरडू खुंट्याला बांधलेलं होतं. पुढं पाला टाकलेला, आणि शेरडू चरायला न मिळालेल्या जनावरासारखं दाव्याला हिसके देत होतं. आई, साधनाबाई, ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली.

"हे घरी काऊन?"

आईनं वर पाहिलं नाही. "आता घरीच राहणार. मी आणते पाला."

"आई, धुळाजीआबा पीत नाही. तुला माहीत आहे."

"मला काय माहीत? मी काय त्याच्यामागं माळावर फिरते? मागच्या साली माझंच शेरडू गेलं. लांडगा म्हणाला, मी म्हटलं असंल लांडगा. एका शब्दानं बोलले न्हाई त्याला. आता कळलं."

"काय कळलं? ते मी लिहिलंय! बसल्या जागी, हसत हसत लिहिलंय!"

साधनाबाईनं सूप खाली ठेवलं. "तू लिव्हलं म्हणून तर मी मानलं. दुसऱ्या कुणी लिव्हलं असतं तर म्हणले असते, लोक काही बी लिवतात. माझी पोरगी कॉम्प्युटरवर बसती, ती खोटं कशाला लिवंल? साऱ्या गल्लीत मी हेच सांगितलं."

भावना ओट्याच्या पायरीवर खाली बसली. म्हणजे गल्लीतली शेरडं फ्लेक्सनं घरी बांधली नव्हती. तिच्या आईनं, पोरीच्या अभिमानानं, दारोदार जाऊन बांधून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मंठ्याचा बाजार होता. स्टँडवर माणसाला माणूस लागत होतं. भावना जिना चढून गेली, टेबलाच्या खणातून कागद कापायचा कटर घेतला आणि परत खाली उतरली. कृषी केंद्राच्या मालकाला म्हणाली, "काका, शिडी द्या." तो मोबाइलात होता, बोटानंच दाखवली. तिनं ती उचलून रस्त्यापलीकडं नेली आणि सांगाड्याला लावली. ड्रेसची ओढणी कंबरेला बांधली आणि चढली.

पहिल्यांदा हॉटेलवाल्यानं पाहिलं. "ओ ताई! काय करून राह्यले?"

"माझं लिहिलेलं खोडून राह्यले."

"परवानगी हाय का काढायची?"

"लावायची होती का?"

लोक हसले आणि जमले. मोबाइल वर झाले. कटरचं पातं बारीक, फ्लेक्स जाड. पटक्याच्या वरच्या टोकालाच ते अडकलं. शिडी डुगडुगत होती. तेवढ्यात गर्दीतून नागसेन धावत आला, तोंड लालबुंद. तो शिडी ओढणार असंच सगळ्यांना वाटलं, भावनालाही. तिनं सांगाड्याचा लोखंडी पाइप घट्ट धरला.

नागसेननं शिडीचे दोन्ही पाय धरले आणि आपला बूट मध्ये रोवला.

"हलून राह्यली शिडी, गाढवे," तो खालून ओरडला. "पडशील आन् तेचा बी फोटो साइटवर लागंल. कापायचं तर सरळ काप. पटका तोडू नको, माणसाचा पटका हाय तो."

तिनं वळून खाली पाहिलं. एवढी माणसं तिच्याकडं बघत होती. "हे वाक्य खोटं आहे," ती ओरडली. "हा माणूस कधीच दारू प्यायलेला नाही. मी लिहिलं, माझ्या मनानं लिहिलं. ह्यांची माफी मागायला मी इथं चढलेय."

"मंग सुटली कशी?" गर्दीतून एक आवाज आला आणि पुन्हा हशा पिकला. तिला वाटलं होतं, खरं ओरडलं की लोक गप्प होतील. तसं काही झालं नाही. काही हसत होते, काही चित्रण करत होते, आणि एक म्हातारी मात्र हात कपाळाशी धरून तो चेहरा कसा सुटा होतोय ते टक लावून बघत होती.

चेहरा, पटका, घोंगडीपर्यंत सगळा तुकडा निघाला. फ्लेक्सला माणसाच्या आकाराचं भोक पडलं आणि त्यातून मागची एसटी दिसायला लागली. खाली पिवळं वाक्य तसंच. ते कापायला गेली तोवर स्टँडवरचा पोलीस शिट्टी वाजवत आला आणि तिला उतरावं लागलं. नागसेन त्याच्याशी बोलत राहिला, पाठीमागं धरलेल्या हातानं तिला जा म्हणून खुणावत. वर स्टुडिओत फोन वाजत होता. रस्त्यावरूनही ऐकू येत होता.

"तो अण्णासाहेबाचा असंल," पोलिसाला कसाबसा वाटेला लावून मागोमाग वर आलेला नागसेन म्हणाला. "तू उचल आता. लिव्हणारी तू हायस ना?"

तिनं उचलला. अण्णासाहेब ह्या वेळी मऊ बोलले नाहीत. साइट दुसऱ्याला देतो, पोलिसात जातो, बाकीच्यांनाही सांगतो की इथं काम देऊ नका. ती हो, हो म्हणत गेली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "सर, त्या बाजूच्या गावच्या बाईचा नवरा बरा आहे का?" "राहिलाय अजून केंद्रात," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. नागसेन स्क्रीनकडं तोंड करून बसला होता. जीप संघटनेची साइट दुरुस्त करायची होती, ती तिनं केली.

व्हिडिओ तिच्या आधी गावात पोचला होता. त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, फ्लेक्स फाडला म्हणजे पाणी मुरतंय. हेही होणारच होतं.

सकाळी विहिरीवरून धुळाजीची हाळी आली. आवाज जरा बारीक वाटला, की तिलाच तसं वाटलं. तिनं अंगणातलं शेरडू सोडलं, काखेत एक गुंडाळी मारली आणि निघाली. वेशीपर्यंत पोचली नव्हती तोच मागून साधनाबाई आली, केस न विंचरलेले, पदर कसातरी खोचलेला.

"दे इकडं," ती म्हणाली. "तुझ्या हातनं न्हाई घ्यायचा तो."

विहिरीवर थोडीच शेरडं होती. आसराबाई कडेला उभी होती, कंबरेवर हात. साधनाबाईनं तिच्याकडं न बघता शेरडाच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि धुळाजीपुढं धरलं. गल्लीच्या तोंडाशी दोन-तीन बाया आपापलं शेरडू धरून थांबल्या होत्या, आत येऊ की नको अशा. साधनाबाई त्यांच्याकडं वळून ओरडली, "बघत काय उभ्या राह्यल्या? मीच सांगितलं होतं ना? मंग मीच सांगते, माझी पोरगी खोटं लिव्हली!"

हे भर गल्लीत म्हणताना तिचा आवाज फाटला. त्यातली एक बाई पुढं आली. दुसरी घराकडं वळली. तिसरी तिथंच उभी राहिली.

धुळाजीनं दावं घेतलं. मुठीत धरलं. परत द्यायला त्यानं नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ घेतला, असं भावनाला वाटलं. मग त्यानं ते साधनाबाईच्या हातात दिलं आणि भावनाच्या काखेतल्या गुंडाळीकडं पाहिलं.

"ते काय?"

तिनं फ्लेक्सचा तुकडा उलगडला. त्यानं स्वतःचा चेहरा पहिल्यांदा जवळून पाहिला. मिशीला बोट लावून पाहिलं.

"मोठा केला खरं," तो म्हणाला.

आसराबाईनं तुकडा त्याच्या हातातून ओढून घेतला. "घरात न्हाई लागणार हा. शेरडांच्या कोठ्यावरचा पत्रा गळतो, तिथं टाकते. चेहरा आतल्या बाजूनं." आणि तिथंच त्याची घडी घालायला लागली, पटका मुडपून, डोळे मुडपून. धुळाजी हसला नाही. त्यानं काठी उचलली, शेरडं हाकली आणि माळाकडं निघाला. पाठमोरं बघताना कळप फार लहान दिसत होता. गल्लीच्या तोंडाशी उभी राहिलेली तिसरी बाई शेवटी घरी गेली.

फाट्यावर राजानंदनं हॉर्न दिला. भावना धावली आणि पुढच्या सीटवर बसली. मंठ्याच्या स्टँडवर सांगाडा तसाच होता, भोक तसंच, आणि भोकातून हॉटेलवाल्याची चहाची किटली दिसत होती. ती रस्ता ओलांडून जिन्याशी आली. वर चढायच्या आधी खाली जरा उभी राहिली. मग चढली. आज एका शाळेचा नमुना करायचा होता, आणि त्यातली सगळी खोकी रिकामी होती.